बायकांसाठी माउंटन बाईकची पँट: मापं, पारख आणि टेलरचं काम

बेळगाव-खानापूर भागात डोंगरातलं सायकलिंग नव्यानं सुरू करणाऱ्या मुलींच्या अंगावर बहुतेक वेळा तीनपैकी एक काहीतरी असतं: लेगिंग, जीन्स, नाहीतर भावाची ट्रॅकपँट. घरात असतात म्हणून तिन्ही चालवून घेतल्या जातात, आणि तिन्ही ठरलेल्या जागी दगा देतात. लेगिंगमधून घाणेरीचा काटा आणि उसाचं पातं सरळ कातडीपर्यंत पोचतं. जांभ्याच्या खरबरीत दगडावर एकदा घसरलं की गुडघ्यावर कापड उरतच नाही. जीन्सच्या आसनातली, म्हणजे दोन पाय जुळतात त्या भागातली, जाड शिवण बरोबर सॅडलवर (सायकलच्या गादीवर) येते, आणि पावसाळ्यात भिजलेली जीन्स दोन-दोन दिवस ओली राहते. भावाच्या ट्रॅकपँटला कंबर ढगळ, मांडी आवळ, आणि मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, इतकी रुंद की उजवा पाय कधी चेनमध्ये जाईल याचा नेम नाही.

एमटीबीसाठी, म्हणजे माउंटन बाईकसाठी, खास शिवलेली पँट या तिन्हींतून सोडवते, पण ती स्वस्त नसते. बायकांच्या मापात तर दुकानात क्वचितच मिळते, बहुतेक वेळा ऑनलाइनच मागवावी लागते. म्हणून निवडतानाचा नियम सुरुवातीलाच सांगून टाकतो. टेलरला जे सुधारता येतं त्यावर अडून बसू नका. जे सुधारता येत नाही त्यात मात्र तडजोड करू नका. कंबर, मोहरी, लांबी, खिशाची झिप हे सगळं शहापूर-वडगावातला कुठलाही चांगला टेलर अर्ध्या दिवसात करून देतो. आसनाची खोली, सीटची (नितंबांवरच्या भागाची) रुंदी आणि गुडघ्याचा बाक कुणालाच नंतर देता येत नाही, कारण खेळाच्या पँटच्या शिवणीत आत दाबलेलं जादा कापड नसतं. घरगुती सलवारीसारखी ती सोडवून वाढवता येत नाही.

मापं घेण्याची पद्धत

एस, एम, एल या अक्षरांवर जाऊ नका. एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एसएवढा असतो. कापडी टेप घ्या, पातळ कपड्यावरून मापं घ्या, सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येक कंपनीच्या मापाच्या तक्त्याशी ताडून बघा.

१. कंबर. बेंबीवर घेऊ नका. बेंबीच्या खाली तीन-चार बोटं, जिथं पँटची पट्टी प्रत्यक्ष बसणार तिथं.

२. सीट, म्हणजे नितंबांचा सगळ्यात भरलेला भाग. आधी उभं राहून, मग कडक स्टुलावर बसून. बसल्यावर हे माप साधारण ३ ते ५ सेंटिमीटरनं वाढतं. तक्त्यात उभ्याचं माप वापरायचं, पण पँटचं कापड ताणलं जाणारं नसेल तर हा फरक पँटच्या रुंदीत असला पाहिजे. बसताक्षणी उसवलेल्या बहुतेक पँटचं कारण हेच असतं.

३. मांडी. जांघेच्या खाली २-३ सेंटिमीटरवर, दोन्ही पायांची. मोठं येईल ते धरा.

४. गुडघा. नी-पॅड (पडल्यावर गुडघा वाचवणारा पॅड) घालून, पाय वाकवून. पॅड अजून घेतला नसेल तर आधी तो घ्या, पँट नंतर.

५. आतली लांबी. भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभ्या राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांत धरून सॅडलसारखं घट्ट वर दाबा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. यातून ६ ते ८ सेंटिमीटर वजा केले की पँटची आतली लांबी मिळते. ७४ आलं तर ६६ ते ६८ ची पँट बघायची.

६. आसनाची पूर्ण शिवण. टेप पुढं कंबरेच्या पट्टीच्या जागेपासून पायांमधून मागच्या पट्टीपर्यंत न्या, ताणू नका. हे माप कंपन्या तक्त्यात बहुधा देतच नाहीत. पँट हातात आल्यावर तीच शिवण मोजून ताडून बघावी लागते.

दोन साईजच्या मधे अडकलात तर सीट आणि मांडीला जुळणारी साईज घ्या, कंबर ढगळ राहिली तरी हरकत नाही. नव्या मुली हटकून उलटं करतात: कंबरेला नेमकी बसते म्हणून लहान साईज घेतात, आणि पहिल्या चढावर मांडीवर कापड तटतटतं.

आसन

सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवा. पँट उलटी करा आणि चार शिवणी कुठं भेटतात ते बघा. साध्या पँटमध्ये पुढची, मागची आणि दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी एकाच ठिकाणी, बरोबर सॅडलवर, एक गाठ करतात. तासाभरात ती गाठ टोचते, दोन तासांत कातडी सोलवटते. चांगल्या एमटीबी पँटमध्ये तिथं पतंगाच्या आकाराचा किंवा लांबट जोडतुकडा असतो. त्याला गसेट म्हणतात. त्यामुळे शिवणी बाजूला सरकतात आणि पाय फाकवायलाही मोकळीक मिळते. बोट फिरवून बघा. शिवण उंचवट्यासारखी लागत असेल तर ती पँट लांबच्या फेरीची नाही.

मागची शिवण पुढच्यापेक्षा किमान १० सेंटिमीटरनं लांब हवी. सायकलवर वाकलं की पाठीचा खालचा भाग ताणला जातो आणि मागची पट्टी खाली ओढली जाते. पुढं-मागं सारख्या उंचीच्या पँटमध्ये कंबर उघडी पडते. मग मुली ती झाकायला लांब कुर्ता घालतात, आणि तो कुर्ता सॅडलच्या टोकाला अडकतो. गावातून जाताना अंगभर कपडा असावा असं वाटणं साहजिक आहे. त्यासाठी पँट मागून उंच घ्या आणि वर सीटच्या मध्यापर्यंतच येणारी जर्सी घाला.

आसन फार खोल असणंही तितकंच वाईट. राजहंसगडासारख्या तीव्र उतारावर सॅडल खाली करून नितंब त्याच्या मागं न्यावे लागतात. परत पुढं येताना लोंबणारं कापड सॅडलच्या मागच्या कडेला अडकतं आणि अंग मागंच राहतं. पुढच्या चाकावरचा भार जातो, नेमका तेव्हा दगड आला तर हँडल हातात राहत नाही. उभं राहून आसनाखालचं कापड चिमटीत धरा: ३-४ सेंटिमीटरपेक्षा जास्त हाती आलं तर पँट मोठी आहे.

गुडघा आणि मोहरी

सायकलच्या पँटचा पाय पलंगावर पसरला तरी गुडघ्यात किंचित वाकलेला दिसतो. तिथं चुण्या किंवा वेगळा तुकडा घालून जागा केलेली असते. ही जागा तुमच्या गुडघ्याच्या वाटीवर यायला हवी. उंची कमी असणाऱ्यांना इथं हमखास त्रास होतो: कंपनीचं माप उंच बाईचं असतं, बाक पोटरीवर येतो, आणि खालून लांबी कापून घेतली तरी बाक तिथंच राहतो. अशा वेळी आखूड लांबीची वेगळी साईज मिळते का ते बघा. मिळत नसेल तर ती पँट सोडा.

पॅड घालून दहा पूर्ण उठाबशा काढा. पॅड खाली सरकला, तर पँट गुडघ्यावर आवळ आहे आणि प्रत्येक पेडलला ती पॅडला ढकलत राहणार. पडण्याच्या क्षणी पॅड पोटरीवर असेल तर त्याचा उपयोग शून्य.

मोहरीचं गणित सोपं आहे. टाच आणि पायाचा वरचा भाग यांच्याभोवती टेप गुंडाळा, बहुतेक बायकांचं हे माप २८ ते ३२ सेंटिमीटर येतं. मोहरी ताणून एवढी उघडली पाहिजे, आणि सोडल्यावर २४-२६ वर आली पाहिजे. ताण नसलेलं कापड असेल तर मोहरीला झिप किंवा वेल्क्रो लागेलच. उभं असताना कड घोट्याच्या हाडावर यावी, पाय वाकल्यावर ती ४-५ सेंटिमीटर वर चढते. उजव्या पायाची आतली बाजू चेनरिंगला (पेडलजवळच्या दातेरी चक्राला) घासते, म्हणून तिथं जाड कापडाचा तुकडा असलेली पँट दुप्पट टिकते. नसेल तर टेलरकडून लावून घ्या.

कापड: रान बघून ठरवा

आपल्या भागात एकच पँट बारा महिने आणि चारही दिशांना पुरेल ही आशा सोडलेली बरी. जांबोटी-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर पाऊस थांबतच नाही. अथणी-रायबागकडं वेडी बाभूळ आणि धूळ. निपाणी-चिकोडीच्या उसातून पायवाट गेली तर पात्याची धार आणि अंगाला लागणारी कूस.

उन्हाळ्यासाठी दर चौरस मीटरला १२० ते १५० ग्रॅमचं नायलॉन, त्यात ८ ते १५ टक्के इलास्टेन (कापडाला ताण देणारा धागा). मांडीच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्यामागं बारीक छिद्रं असतील तर उत्तम. काटेरी रानासाठी आणि जांभ्याच्या उतारांसाठी १८० ते २२० ग्रॅमचं, सीट आणि गुडघ्यावर दुहेरी. पॉलिएस्टर स्वस्त पडतं, पण घासण्यात नायलॉनच्या मागं राहतं आणि घामाचा वास धरून ठेवतं. सुती कापड कितीही मऊ लागलं तरी नको.

पावसाळ्यातल्या पँटबद्दल आमचं मत दुकानदारांना पटणार नाही. पूर्ण वॉटरप्रूफ पँट, म्हणजे १०,००० मिलिमीटरच्या पुढची (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं त्याचं हे माप), थंड देशात कामाची आहे. इथला पाऊस तसा उबदार असतो, चढावर अंग आतून घामानं भिजतं, आणि सॅडलवरच्या दाबानं सीट शेवटी ओलावतेच. त्यापेक्षा पाणी झटकणारा थर दिलेली, लवकर वाळणारी हलकी पँट घ्या आणि मागच्या चाकाला मडगार्ड लावा. नितंब भिजतात ते बरंचसं चाकानं उडवलेल्या पाण्यानं.

कणकुंबी-चोर्ल्याकडं पावसात जळवा लागतात. मोहरी मोज्याच्या आत खोवा आणि मोजा पोटरीपर्यंत उंच ठेवा. जोयडा-हल्याळच्या जंगलात कोरड्या दिवसांत गोचिड्या असतात. फिकट रंगाच्या पँटवर त्या चटकन दिसतात, पण तांबड्या मातीत फिकट रंग काय टिकणार! फिरून आल्यावर कंबरेची पट्टी आणि गुडघ्याची मागची बाजू हातानं चाचपून बघायची, एवढंच.

खिसे दोन पुरेत, झिपचे, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. पुढच्या खिशातला मोबाईल प्रत्येक पेडलला जांघेत टोचतो. मागच्या खिशात किंवा कंबरेच्या हाडावर चावी, पान्ना असं टणक काही ठेवू नका, पडल्यावर तेच हाडात घुसतं.

आतली पॅडवाली चड्डी

सॅडलवर बसून दुखू नये म्हणून पँटच्या आत पॅडवाली चड्डी घालतात. पँट आणि हा पॅड वेगवेगळे घ्या. आतमध्ये कायमचा शिवलेला पॅड असेल तर रोज धुवायला सगळी पँटच धुवावी लागते.

बायकांसाठीचा पॅड मागं रुंद आणि पुढं आखूड असतो, कारण बसण्याच्या हाडांमधलं अंतर सहसा पुरुषांपेक्षा जास्त असतं. पुरुषांच्या पॅडची मधली खाच भलत्या जागी येते. पॅडवाल्या चड्डीच्या आत निकर घालायची नसते. हे ऐकून संकोच वाटतो, पण आतल्या निकरच्या कडेची शिवण ओली होऊन घासते आणि जांघेत पुरळ उठतं. पॅड फार जाड असला तर चांगला, हा समज चुकीचा आहे. जाड मऊ फोम दबतो आणि कडेला सुरकुततो. घट्ट, मध्यम जाडीचा बरा.

पाळीच्या दिवसांत पंखवाला नॅपकिन पॅडवर चिकटवला तर त्याची कड मांडीला कापते. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन वापरत असाल तर प्रश्न मिटला. नसाल तर बिनशिवणीची पिरियड पँटी आत घाला आणि फेरी आखूड ठेवा. पॅडवाली चड्डी खांद्यावरच्या पट्ट्यांची घेऊ नका. या रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छतागृह मिळणं कठीण, आणि आडोशाला जाताना वरचे सगळे कपडे उतरवावे लागतात. त्याच कारणानं पँटला पुढं टिचबटण आणि झिप असलेली सोयीची. नाडीची गाठ ओली झाली की सुटत नाही.

सायकलवर तपासणी

पार्सल आलं की टॅग तोडू नका. पॅडवाली चड्डी, नी-पॅड आणि नेहमीचे बूट घालूनच पँट चढवा. चड्डीही नवी असेल तर ती मात्र साध्या निकरवरून घालून बघा, नाहीतर परत घेत नाहीत. सायकल घरातच भिंतीला टेकवा.

एक पाय खुर्चीवर ठेवून गुडघा छातीकडं आणा. मांडीवर कापड ताणून पांढुरकं दिसलं तर साईज लहान. मग सॅडलवर बसून हँडल धरा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा: पट्टी आणि पाठ यांच्यात दोन बोटं आडवी जावीत, मूठ जाऊ नये. पेडल मागच्या बाजूला वीस वेळा फिरवा आणि उजवी मोहरी चेनरिंगपासून किती लांब राहते ते बघा. शेवटी सॅडल खाली करून नितंब मागं न्या, पुढं या. अडकलं तर परत पाठवा, दुसरा उपाय नाही. कंबरेचं पट्टीवालं वेल्क्रो पूर्ण आवळूनच पँट बसत असेल तर तीही परत, कारण धुण्यात इलॅस्टिक सैल पडल्यावर आवळायला काहीच उरत नाही.

टेलरला काय सांगायचं

ट्रेकिंगची ताणदार पँट घरात असेल तर तिच्यावर काम करून घेणं नवख्या बाईसाठी सगळ्यात शहाणपणाचं. सहा महिने सायकलिंग टिकलं की मग महागाची घ्यावी. टेलरला हे नीट सांगा:

कंबर मागच्या मधल्या शिवणीतून घ्या, बाजूनं नको, बाजूला खिसे आहेत. ४ सेंटिमीटरपर्यंतच. त्याहून जास्त घेतलं तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडतात आणि सीटचा आकार बिघडतो. त्याऐवजी नेफ्याच्या फक्त मागच्या अर्ध्यात ४ सेंटिमीटर रुंदीचं इलॅस्टिक घालता येतं.

गसेट नसेल तर ताणदार कापडाचा पतंगाच्या आकाराचा तुकडा, साधारण १६-१८ सेंटिमीटर लांब आणि ७-८ रुंद, आसनात आडवा बसवा, म्हणजे लांबीची टोकं दोन्ही पायांच्या आतल्या शिवणीत उतरतील. त्यानं मांडीला मोकळीक मिळते, पण आसनाची खोली वाढत नाही. सुती होजिअरीचा तुकडा लावू देऊ नका, तो आधी फाटतो.

सुई गोल टोकाची, ११ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा, शिलाई बारीक झिगझॅग. सरळ टीप मारली तर कापड ताणतं पण दोरा ताणत नाही, आणि पहिल्याच उठाबशीला टाक टाक तुटत जाते. टेलर म्हणेल, “ताई, साधी टीपच मजबूत असते.” जाड सुती कापडाला त्याचं म्हणणं खरं आहे. एका टाकाऊ तुकड्यावर दोन्ही शिलाया मारून ताणून दाखवायला सांगा, वाद राहत नाही.

मोहरी गुडघ्याखालून निमुळती करत आणा, फक्त शेवटच्या दहा सेंटिमीटरमध्ये आवळू नका. तसं केलं तर पोटरीजवळ फुगा येतो आणि तोच चेनरिंगला लागतो.

धुणं आणि टिकवणं

तांबड्या मातीचा रंग लोहाचा असतो. ब्लीच टाकलं तर डाग जात नाही, उलट पक्का होतो, आणि इलास्टेन मरतं ते वेगळंच. आल्या आल्या पँट उलटी न करता थंड पाण्याखाली धरा, न चोळता माती वाहून जाऊ द्या, मग उलटी करून सौम्य पावडरीत धुवा. पूर्वेकडची काळी माती चिकट असते. ती वाळू द्या, ब्रशनं झटका, मग पाणी. चेनच्या ग्रीसवर पाणी लागायच्या आधी भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बोटानं जिरवा.

धुताना झिप आणि वेल्क्रो बंद. कपडे मऊ करणारं द्रव्य कधीच नको: पाणी झटकणारा थर आणि पॅडची शोषण्याची ताकद दोन्ही त्यानं जातात. सावलीत वाळवा. पॅडवाली चड्डी मात्र प्रत्येक फेरीनंतर धुवायची, पूर्ण वाळल्याशिवाय घालायची नाही. पावसाळ्यात जांघेत गजकर्ण होण्याचं एक मोठं कारण ओलसर चड्डी. म्हणून पँट एक असली तरी चालेल, चड्ड्या दोन हव्यात.

पाण्याचे थेंब पँटवर न थांबता कापडात मुरू लागले की झटकणारा थर गेला. लेबलवर परवानगी असेल तर वरून सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा, थर थोडाफार जागा होतो. सीटची जागा महिन्यातून एकदा खिडकीच्या उजेडात धरून बघा. उजेड आरपार येऊ लागला की आतून जाड नायलॉनचा तुकडा लावून घ्या, कड गोल कापून. चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी उसवतात.